शांतता कुणी मोडली

सोमवार, ५ तारीख

कालच्या कार्यक्रमात मी चुकले आणि ते अजून कुणाला कळलेलं नाही. एवढं एक वाक्य लिहायला जेवणाची अर्धी सुट्टी गेली.

कुठे बसून लिहितेय तेही नोंदवून ठेवते. मी कानाच्या डॉक्टरांकडे श्रवणतपासणीचं काम करते. आमच्याकडे एक लहानशी बंद खोली आहे, भिंतींना जाड स्पंज आणि एका बाजूला काचेची खिडकी. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. दुपारी एक ते दोन इथे कुणी नसतं. स्वतःचं आवंढा गिळणंसुद्धा इथे मोठं वाटतं. तोंड लपवायला बरी जागा आहे.

तर आमचा गायकवृंद चाळीस जणांचा, सगळे हौशी. पोस्टातले, बँकेतले, दोन शिक्षिका, एक दातांचा डॉक्टर. संचालकांना आम्ही पाठीमागे 'छडी' म्हणतो, कारण ते हातातल्या छडीनंच काय ते बोलतात. तोंडानं बोलले की समजायचं, काहीतरी बिघडलंय. यंदा त्यांनी अठराव्या शतकातलं एक मोठं प्रार्थनागान बसवायला घेतलं. उंच छताच्या प्रार्थनामंदिरात गाण्यासाठी लिहिलेलं, आता कुणी बोलत नाही अशा भाषेतलं, सव्वा तासाचं. आठ महिने तालीम केली. शेवटाकडे एक जागा अशी आहे, की चाळीसही जण वरच्या सुरात जातात आणि एकदम थांबतात. सहा मात्रा काहीही नाही. मग सगळ्यांनी मिळून, अगदी हळू, शेवटची ओळ. छडींचं म्हणणं, आधीचा सव्वा तास आहेच मुळी त्या सहा मात्रांसाठी.

मी मात्रा मोजत नाही. पंधरा वर्षांत कधी मोजल्या नाहीत. माझ्या उजव्या हाताला काकू उभ्या असतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या. आम्हा खालच्या आवाजाच्या बायकांची सगळी रांग त्यांच्यावर चालते. त्या श्वास घेतात, आम्ही घेतो. त्या सूर उचलतात, आम्ही उचलतो. मी जरा जास्तच.

काल त्या शांततेत काकूंनी श्वास घेतला. नुसताच. भरून आलं असेल त्यांना. आणि मी गायला लागले. एकटी, चारशे माणसांसमोर. एकच सूर, तोही लगेच गिळला, पण त्या सभागृहात पुटपुटलेलंही मागच्या रांगेपर्यंत जातं. तो सूर छतापर्यंत गेला आणि सावकाश खाली आला. छडी जागची हलली नाही. मग शेवटची ओळ झाली, टाळ्या झाल्या, आणि सगळ्यांबरोबर मीही झुकून अभिवादन केलं.

मंगळवार, ६ तारीख

सासूबाई कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत होत्या. आज सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "तुला मध्ये एकटीला दिलं होतं ते छान झालं हो. शेजारणीला सांगितलं मी." माझ्या हातातली सुरी थांबली. म्हटलं, आई, ती मी नव्हते. त्या म्हणाल्या, आवाज तुझाच होता, मी काय ओळखत नाही होय? मी म्हटलं, लांबून सगळे आवाज सारखेच वाटतात, शिवाय तुमचे कान आता पूर्वीसारखे कुठे राहिलेत. त्या पुन्हा भाजी निवडायला लागल्या. विषय मिटला.

हा, म्हणजे माझा नवरा, सव्वा तासातला तासभर झोपला होता. त्याची हकीकत अशी, की एकदम शांत झालं म्हणून त्याला जाग आली. संपलं समजून टाळीसाठी हात वर केले, तेवढ्यात कुणीतरी गायलं म्हणून अब्रू वाचली. "त्या बाईला माझ्यातर्फे धन्यवाद सांग," म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी चहा गाळायला वळले.

आमचे डॉक्टरही आले होते. ते आज दिवसभर घुश्शात. त्यांच्या मते त्या बाईनं चौथ्या मात्रेला येऊन सगळ्यावर पाणी फिरवलं. त्यांनी म्हणे आयुष्यात इतकी चांगली शांतता ऐकली नव्हती. कोण होती ती, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, रांगेत उभं असताना कुठला आवाज कुणाचा ते कळत नाही, सर. हे मी कानाच्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांना ते पटलं.

गुरुवार, ८ तारीख

आज कार्यक्रमानंतरची पहिली तालीम. सभागृहाच्या दाराशी अभिप्रायाची वही ठेवली होती, ती छडींनी आम्हाला वाचून दाखवली.

एकानं लिहिलं होतं, खुर्च्या कडक आहेत. एका बाईंनी, शब्द एकही कळला नाही पण घरी गेल्यावर भांडणं झाली नाहीत. कुणी, देव मानत नाही तरी शेवटी उठून उभं राहावंसं वाटलं. कुणी, फार लांबलं. मग आलाच तो विषय. एका संगीतशिक्षकांनी अर्धं पान भरून लिहिलं होतं, की अडीचशे वर्षं टिकलेली शांतता एका बाईच्या बेफिकिरीमुळे मोडली. त्याच्याच खाली दुसऱ्या अक्षरात, शांततेत एकच आवाज ठेवण्याची कल्पना धाडसी आणि हृदयस्पर्शी. सगळे हसले. मीही हसले.

छडींनी वही मिटली आणि तोंडानं विचारलं, कोण होतं? रागावून नाही, पण विचारलं. मी माझ्या बुटांकडे पाहत होते. मनात म्हणत होते, आता सांगते, त्यांनी वही खाली ठेवली की सांगते.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मीच असेन, सर." मग थांबून म्हणाल्या, "मला श्वास घेतल्याचं आठवतं. मग कानाशी सूर ऐकू आला. म्हणजे माझाच असणार."

छडी एकदम मऊ झाले. होतं असं कधी कधी, म्हणाले. काकू, एकदा कान दाखवून घ्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण कान तपासणारी मी. मी मान डोलावली. इतकंच नाही, मी काकूंच्या पाठीवर हात ठेवला.

शुक्रवार, ९ तारीख

काल का बोलले नाही याची कारणं लिहून काढायची ठरवलं होतं. पहिलं, काकूंनीच श्वास घेतला, तेव्हा सुरुवात तशी त्यांचीच. दुसरं, त्यांना कुणी काही बोललं नाही. त्या सगळ्यांच्या लाडक्या आहेत, मला मात्र सोलून काढलं असतं. तिसरं सुचलं नाही. दोन्ही वाचून पाहिली. माझीच मला लाज वाटते.

मंगळवार, १३ तारीख

काकू आज आल्या, इस्त्रीचे कपडे घालून, परीक्षेला आल्यासारख्या. मी त्यांना याच खोलीत बसवलं, हेडफोन लावले आणि काचेबाहेर येऊन यंत्राशी बसले. काकूंनी डोळे मिटले.

पाऊण तास तपासलं. मी आवाज खाली नेत गेले, त्या बटण दाबत गेल्या. त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान माणसांना जे ऐकू येत नाहीत तेही त्यांना आले. आलेखाचा कागद हातात आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं की काम. काकूंचे कान उत्तम आहेत असा शिक्का बसला, की त्यांच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. नक्की कुणाचं चुकलं ते असंच राहून जाईल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. मी हसत आत गेले. "काकू, पन्नाशीच्या बाईला शोभतील असे कान आहेत तुमचे."

त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि बराच वेळ त्यांची वायर सरळ करत राहिल्या.

"म्हणजे कान नाहीत," त्या म्हणाल्या. "मग डोकं."

त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी केलेलं आठवेना, मग न केलेलं आठवायला लागलं, शेवटी काकूंनाच ती फोनवरची बाई समजायची. कानाचंच निघू दे, एवढंच मागत मी आले होते, असं काकू म्हणाल्या. कानाला यंत्र तरी लावता येतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. आम्ही दोघीच होतो, दार बंद होतं, बाहेर अक्षर ऐकू गेलं नसतं. पण डॉक्टरांनी काचेवर टकटक केलं, पुढचा पेशंट उभा होता. त्या टकटकीचं मला किती बरं वाटलं ते लिहून ठेवते. काकूंनी आलेखाचा कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि मला थँक्यू म्हणाल्या.

गुरुवार, १५ तारीख

काकू तालमीला आल्या नाहीत. चिठ्ठी पाठवली होती. आता आपल्याकडून होणार नाही, सगळ्यांचं गाणं बिघडवण्यापेक्षा थांबलेलं बरं. छडींनी ती मनातल्या मनात वाचली आणि खिशात ठेवली.

त्यांच्याशिवाय आमच्या रांगेचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही. एक बाई आधी आली, दोघी नंतर, मी आलेच नाही. छडी चार वेळा तोंडानं बोलले.

निघताना त्यांनी मला एक पाकीट दिलं. एका श्रोत्यानं दिलंय, काकूंचं घर तुमच्या वाटेवर आहे तर पोचवा. पाकिटावर लिहिलं होतं, 'त्या शांततेत ज्या गायल्या त्यांना'. ते चिकटवलेलं नव्हतं. बसस्टॉपवर उभी राहून मी ते वाचलं.

लिहिणारे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. बायको गेल्या वर्षी वारली. अशा कार्यक्रमांना दोघं मिळून जायचे, यंदा एकटेच आले, शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवून. पुढचं उतरवून ठेवते. 'तुम्ही चुकलात हे मला कळलं. वेळेआधी वाजलेलं ओळखणं हा माझा धंदाच आहे. पण सगळं थांबलं तेव्हा मला वाटलं, हे असंच असतं, एकदम थांबतं आणि मग काही नसतं. तेवढ्यात तुमचा आवाज आला, घाबरलेला. इतक्या माणसांत आणखी एकाला ती शांतता सहन झाली नाही, हे कळून मला रडू आलं. वर्षभरात आलं नव्हतं. तुम्हाला कुणी रागावलं असेल तर त्यांना हे पत्र दाखवा.'

दोन बस सोडल्या. वाचून मनात पहिल्यांदा काय आलं? काकू आल्या नाहीत. मनात आलं, हे माझं आहे.

रविवार, १८ तारीख

पत्र पोचवलेलं नाही. माझ्या कपाटात आहे, स्वेटरांच्या घडीखाली. सहा वेळा वाचून झालं. काल वाचताना आरशासमोर होते, तर चेहरा असा काही झाला होता, की पटकन दिवाच घालवला.

दुपारी काकूंच्या मुलीचा फोन आला. आईनं घरातल्या खणांवर चिठ्ठ्या चिकटवल्यात म्हणाली. चमचे, औषधं, किल्ल्या. गॅस बंद केला का हे बघायला दोनदा जिन्यावरून परत गेली. मी बंद केलाय का, म्हणून शेजारणीला विचारते. आपली तीन वर्षांची मुलगी ती रोज दुपारी काकूंकडे सोडायची, ते आता बंद केलंय. आईच म्हणाली, नको सोडूस, माझा मलाच भरवसा नाही. कान तर तुम्ही चांगले सांगितलेत, मग विसरण्यासाठी कुणी डॉक्टर माहीत आहेत का?

मी एका डॉक्टरांचं नाव दिलं. नंबरही शोधून दिला. तिनं माझे इतके आभार मानले, की फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. नळ सोडला, कारण हा बाहेर पेपर वाचत होता.

सासूबाईंचंही एक नवीनच. संध्याकाळी गॅस सिलिंडरवाला बेल वाजवून वाजवून परत गेला. त्या दारापासून चार पावलांवर बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, ऐकू आल्यासारखं वाटलं, पण म्हटलं भास असेल. वय झालं, दुसरं काय.

बुधवार, २१ तारीख

आज गेले. कामावरून अर्धा दिवस रजा घेतली, पत्र पर्समध्ये ठेवलं. जिना चढताना वाक्य घोकत होते.

काकूंनी दार उघडलं, आणि दार उघडल्यावर कडीकडे पुन्हा एकदा पाहिलं. आत सगळं लख्ख, आणि सगळीकडे त्यांच्या गोल अक्षरातल्या चिठ्ठ्या. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, काकू, त्या दिवशी मी गायले. तुमचा श्वास ऐकून मी सूर उचलला. तुम्ही नव्हता. गुरुवारी मी बोलले नाही, तपासणीच्या दिवशीही नाही. मला माफ करा. हे जवळजवळ असंच म्हणाले, फक्त जास्त रडत.

काकूंनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं. पाणी दिलं. माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "फार चांगली आहेस गं तू."

मला काही कळेचना. त्या म्हणाल्या, माझ्या मुलीनं तुला फोन केला होता ना, तेव्हाच मला वाटलं ही येणार. माझं हे असं झालेलं तुला बघवत नाही. पण स्वतःवर घेऊ नकोस. मी शपथ घ्यायला लागले तर त्यांनी माझ्या तोंडावर बोटं ठेवली. थोरल्या बहिणीला बरं वाटावं म्हणून मीपण असंच खोटं बोलायचे, म्हणाल्या. तिनं हरवलेल्या वस्तू मीच हरवल्या म्हणायचे.

मग मी ते पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, बिचारा म्हणाल्या, आणि टेबलावर ठेवून दिलं. मला आठवत नाही त्याचं कौतुक घेऊन काय करू, म्हणाल्या.

जिन्यात मला काकूंचाच राग आला. हे लिहायलाच हवं, कारण ते खरं आहे. खरं सांगायला म्हणून आले तर मला चांगली बाई ठरवून मोकळ्या झाल्या.

गुरुवार, २२ तारीख

आजची तालीम विसरता आली तर बरं.

काकूंनी छडींना फोन करून सगळं सांगितलं होतं, त्यांना समजलं तसं. सुरुवातीलाच छडी तोंडानं बोलले. आपल्यातलं एक माणूस दुसऱ्यासाठी चूक स्वतःवर घ्यायला निघालं होतं, म्हणाले. मग माझं नाव घेतलं. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकोणचाळीस नाही, अडतीस जणांनी, काकू नव्हत्या.

मी उभी राहिले. म्हटलं, खरंच मी होते. ऐका, मीच होते. तर एक शिक्षिका मायेनं हसली, दातांच्या डॉक्टरांनी मान हलवली. मागून कुणीतरी म्हणालं, मन मोठं लागतं याला. मी जितकं सांगावं तितकी मी मोठी होत गेले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, तू सांगशील म्हणून वाट बघत होतो. मग म्हणाला, आईलाही सांग. मी म्हटलं, त्यांना कशाला आता.

शनिवार, २४ तारीख

आज सकाळी बोलायचं काहीच ठरवलं नव्हतं. काकूंकडे गेले, त्यांना म्हटलं, दोन मिनिटं उठून उभ्या राहा. खिडकीकडे तोंड करा. त्या दिवशी जशा होता तशा.

त्यांना वाटलं मी त्यांना तालमीला परत न्यायला आलेय. नको गं, म्हणाल्या, पण उभ्या राहिल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले, खांद्याला खांदा लागेल इतक्या अंतरावर, आमची जागा असते तिथे. म्हटलं, आता श्वास घ्या. नुसता.

त्यांनी घेतला. मी गायले. तोच सूर, तसाच घाबरा, तसाच मध्येच तोडलेला. घाबरं व्हायला वेगळं काही करावं लागलं नाही.

काकू हलल्या नाहीत. "पुन्हा," म्हणाल्या.

मी पुन्हा गायले. मग मी त्यांना सांगितलं ते आमच्या खोलीत रोज सांगते तेच. आपला स्वतःचा आवाज आपल्याला एका कानानं ऐकू येत नाही, काकू. तो आतून येतो, दोन्हीकडे सारखा. त्या दिवशी तुम्ही कुठल्या कानानं ऐकलात?

त्यांचा हात सावकाश डाव्या कानाकडे गेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आधी तिथे आनंद झाला, खरोखरचा, लहान मुलाच्या चेहऱ्यावर होतो तसा. मला वाटलं, सुटलो आम्ही दोघी. मग तो गेला. त्या माझ्याकडे वळल्या आणि एक पाऊल मागे सरकल्या.

"तू होतीस," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि खणांवरच्या चिठ्ठ्या काढायला लागल्या. नखांनी, एकेक. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, हात लावू नकोस. मला त्यांनी इतक्या वर्षांत कधी असं सांगितलं नव्हतं. काढता काढता बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. नातीला दोन आठवडे जवळ घेतलं नाही मी. पाजलेलं दूध पाजलं की नाही हे विसरेन म्हणून. गादीवर पडून स्वतःला पाढे म्हणायला लावायचे. मुलीला सांगून ठेवलं, ओळखेनाशी झाले की मला घरी ठेवू नकोस. सोमवारी त्या डॉक्टरांची वेळ आहे, नंबर तू दिलास.

मग मुलीला फोन लावला. उद्यापासून तिला आण, म्हणाल्या. हो, अगदी नक्की. कसं कळलं ते? कळलं. माझं नाव घेतलं नाही. वर मुलीला म्हणाल्या, सोमवारी डॉक्टरांकडे तरी जाऊन येऊ, तुझीही खात्री होईल. पलीकडून ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण काकू दोनदा म्हणाल्या, बरं, तू म्हणशील तसं, आधी तू समोर बसून बघ.

मी जायला उठले. त्यांनी टेबलावरचं घड्याळवाल्याचं पत्र उचलून माझ्यापुढे धरलं. हे तुझं आहे, म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलंच. मग विचारलं.

"हे तुला पंधरा तारखेला मिळालं. छडींनी सांगितलं मला. माझ्याकडे तू एकवीसला आलीस. हे पत्र आलंच नसतं, तर आली असतीस?"

मी म्हटलं, माहीत नाही काकू. त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी, आणि दार लावून घेतलं.

तिथे माहीत नाही म्हणाले. इथे कुणी वाचणार नाही, तेव्हा इथे तरी नीट लिहिते. नसते गेले.